आज तिच्याकडे बसू

मैत्रिणींनो,



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा संक्रांत होऊन गेलेली असेल आणि रथसप्तमी यायची असेल. हळदीकुंकवाचे हे दिवस. आमच्या मुकुटबनमध्ये या दिवसांत दुपारी चारनंतर गल्लीगल्लीतून ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका लगबगीने जाताना दिसतात. या घरून त्या घरी, हातात वाणाची पिशवी, कडेवर पोर. कापसाची वेचणी, स्वयंपाक, पाणी, पोरांची शाळा यांतून उरवलेला तो तासभर खरोखर त्यांचा असतो. एरवी 'कुठं चालली?' म्हणून विचारणारी सासू हळदीकुंकवाचं नाव काढलं की गप्प बसते. बाईने बाईकडे जाऊन नुसतं बसावं, याला समाजाने दिलेली ही जवळजवळ एकुलती एक परवानगी आहे. म्हणून हळदीकुंकवाला नावं ठेवून मी मोकळी होणार नाही.

पण त्याच गल्लीत, त्याच वेळी, दोन-तीन दारं ओढून घेतलेली असतात. एका दाराआड शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेली बाई असते. दुसऱ्या दाराआड नवऱ्याने टाकलेली, माहेरी परत आलेली मुलगी असते. या दोघींना बोलावणंच नसतं. तिसऱ्या दाराआडची बाई चांगली सवाष्ण असते, तिला पाच घरची बोलावणी आलेली असतात, तरी ती जात नाही. कारण पाच घरी गेलं की पाच जणींना घरी बोलवावं लागतं. पाच जणींना बोलावलं की पंचवीस होतात, आणि पंचवीस जणींना स्टीलच्या वाट्या लुटायच्या तर वणीच्या बाजारात जाऊन पैसे मोजावे लागतात. ती डोकं दुखतंय म्हणून सांगते आणि आत बसून राहते.

या तिसऱ्या दाराकडे माझं बरीच वर्षं लक्षच गेलं नव्हतं. पहिल्या दाराकडे गेलं होतं, पण तिथे आमची चूक झाली. आज त्या चुकीबद्दल आणि त्यानंतर आम्ही काय करून पाहिलं त्याबद्दल लिहायचं आहे.

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. कळंब तालुक्यातल्या राजूरची ही शेतकरी बाई. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शिवणकाम करून, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून मुलं वाढवणारी. आमच्या जिल्ह्यातल्या हजारो बायकांच्या वतीने ती त्या व्यासपीठावर उभी होती आणि आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला होता. पुढे चार दिवसांत संक्रांत आली. गावोगावच्या हळदीकुंकवात तिच्यासारख्या बायका कुठे होत्या? दिवा लावायला चालते, पण शेजारच्या ओट्यावर बसायला चालत नाही, ही गोष्ट मनात सलत राहिली.

आम्ही कार्यकर्त्या. सल लागला की कार्यक्रम घेतो. पुढच्या संक्रांतीला आम्ही मोठा मेळावा घेतला. मंडप, माईक, प्रमुख पाहुण्या, तीनशे बायका. विधवा बहिणींना व्यासपीठावर बोलावून कुंकू लावलं, ओटी भरली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. आमच्या गटातली एक काकू, नवरा जाऊन तिला तेव्हा तीन वर्षं झाली होती, तीही त्यांत होती. त्यानंतर महिनाभर ती गटाच्या बैठकीला आली नाही. मी घरी गेले. तिने बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली,

"ताई, तुमी मले कुकू लावलं, मी नाई म्हनलं नाई. घरी येऊन पुसून टाकलं. देर म्हने, तमाशा करून आली काय? मले कुकू नव्हतं पायजे वो. माह्या घरी येऊन बसनारी कोनी पायजे होती. तीन वर्सं झाले, माह्या घरी कोनी चहा नाई पेलं."

मैत्रिणींनो, समाजकार्याच्या दोन वर्षांच्या शिक्षणात मला हे कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही तिला 'बोलावत' होतो. आमच्या मंडपात, आमच्या वेळेवर, आमच्या टाळ्यांसाठी. जिला नेहमी बोलावलंच जातं आणि जी कधीच कोणाला बोलावू शकत नाही, ती कितीही मानाने बसवली तरी पाहुणी राहते; उपकाराखालची पाहुणी. बरोबरीची मैत्रीण व्हायची तर तिच्या घरी बसून तिच्या हातचा चहा प्यावा लागतो.

त्याच आठवड्यात आम्ही सहा जणी तिच्याकडे गेलो. कोरा चहा झाला. कप चारच होते, म्हणून दोघींनी वाटीतून घेतला. तासभर बसलो. कामाचं काहीही बोललो नाही. कापसाला यंदा काय भाव निघाला, कोणाची गाय व्याली, कोणाच्या पोरीचे केस गळतात, एवढंच. निघताना तिने विचारलं, "आता कोनाकडं?" तिथून आमच्या 'बसण्या'ला सुरुवात झाली.

हे काही आम्ही नवं शोधून काढलेलं नाही. विदर्भात वाढलेल्या प्रत्येकीने लहानपणी हे केलं आहे. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी रोज या घरून त्या घरी जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखायचा. डब्यात काय आहे हे महत्त्वाचं नसतं. फुटाणे, मुरमुरे, पेरूच्या फोडी, काहीही चालतं. उलट जो खाऊ ओळखता येत नाही त्या घराचं कौतुक जास्त. पैसेवालीच्या घरचा खाऊ मोठा आणि गरीब घरचा छोटा, असा हिशेब तिथे फारसा होत नाही. आमच्याकडे तेलंगणाची सीमा जवळ. तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या बायका नवरात्रात बतुकम्मा मांडतात, फुलं रचून तिच्याभोवती फेर धरतात. रानातली फुलं आणि शेजारणी, एवढ्यावर तो सण उभा राहतो. मग बाई मोठी झाली, लग्न झालं, की तिचं एकत्र येणं एवढं महाग आणि एवढं अवघड का होतं? कारण तेव्हा ती स्वतःसाठी बोलावत नाही. घराण्याची ऐपत, नवऱ्याची कमाई, आपलं सौभाग्य यांचं प्रदर्शन तिला मांडावं लागतं. घर सारवून-पुसून, पडदे धुऊन, वाण मोजून ती दमते. पाहुण्या जातात तेव्हा तिला मैत्रिणी भेटलेल्या नसतात, फक्त काम झालेलं असतं.

म्हणून आम्ही आमच्या बसण्याचे काही साधे नियम ठरवले. ते चुकतमाकत ठरले आहेत. तुमच्या गटांना उपयोगी पडतील म्हणून सांगते.

सहा ते आठ जणी, जास्त नाही. एका खोलीच्या घरात मावतील एवढ्याच. घर मोठं असलेलीनेही यापेक्षा जास्त बोलावायच्या नाहीत, म्हणजे खोली लहान असलेलीला कमीपणा येत नाही. गल्लीत आठापेक्षा जास्त झाल्या की दुसरं बसणं सुरू करायचं.

पाळीपाळीने प्रत्येकीचं घर. ज्या घरी सासू येऊ देत नाही किंवा नवरा पिऊन पडलेला असतो, तिची पाळी लिंबाखाली किंवा शाळेच्या ओट्यावर. पण पाळी तिचीच धरायची. चहा तिने थर्मासमधून आणायचा, नाहीतर नुसत्या शेंगा आणायच्या.

चहा आणि भुलाबाईसारखा झाकलेला एकच खाऊ. वाण नाही, कुंकू नाही, ओटी नाही. दूध नसेल तर कोरा चहा. घर आवरायचं नाही. वळकटी तशीच राहू द्यायची, तिला टेकून बसता येतं. कपबश्या सगळ्यांनी मिळून धुवायच्या आणि मगच उठायचं. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्या मागे भांड्यांचा ढीग ठेवून गेलो तर आपणही त्या बाईच्या अंगावर एक काम टाकून आलो.

पोरं येणार, रडणार, सांडणार. त्याबद्दल माफी मागायची नाही.

वेळ वेचणीच्या दिवसांत रात्रीच्या जेवणानंतर, उन्हाळ्यात दुपारी. तासभर, फार तर दीड तास. जिला उठायचं तिने उठावं, कारण विचारू नये.

रजिस्टर नाही, ठराव नाही, फोटो नाही, वर्गणी नाही. आणि आम्हा कार्यकर्त्यांसाठी खास नियम: आपण पहिल्यांदा बोलायचं नाही, आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. हा पाळताना माझी जीभ किती वेळा चावली गेली हे मलाच माहीत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गप्पांना चळवळ म्हणायचं का? आमच्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला हा प्रश्न विचारला, आणि तो रास्त आहे. तर काय झालं ते सांगते.

त्या काकूच्या घरच्या चौथ्या की पाचव्या बसण्यात, शेंगा सोलता सोलता, ती सहज बोलून गेली की देराने वणीला नेऊन एका कागदावर सही करायला सांगितलंय, पोरीच्या लग्नाआधी 'कागद साफ' करायचे म्हणून. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. सातबारावर तिचं नाव चढलेलंच नव्हतं. वारस नोंद झाली नव्हती आणि ती करायची असते हेही तिला माहीत नव्हतं. आमच्या मेळाव्यात वकील बाईंनी वारसा हक्कावर तासभर भाषण केलं होतं, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसलेली होती. तिथे तिने विचारलं नाही. तीनशे बायकांपुढे 'माझा देर मला फसवतोय' असं कोणती बाई म्हणेल? ते शेंगा सोलतानाच निघतं.

त्या संध्याकाळी तिला समजलं की मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या वाट्याच्या मिळकतीत बायको, मुलं-मुली आणि नवऱ्याची आई यांचा सारखा वाटा असतो. मृत्यूचा दाखला आणि अर्ज घेऊन तलाठ्याकडे गेलं की गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, त्यावरून फेरफार होतो आणि मग सातबारावर नाव येतं. (आमच्या कोलाम आणि इतर आदिवासी बहिणींना हा कायदा लागू नाही. तो वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्यावर पुढच्या अंकात लिहू.) तलाठ्याकडे ती एकटी गेली नाही. बसणाऱ्या पाचही जणी गेल्या. चार खेटे झाले. नाव चढलं. सही तिने केली नाही.

हे एकटीदुकटीचं प्रकरण नाही. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे आपला मकाम, याने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ५०५ शेतकरी-आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या ४० टक्के बायकांना, त्या कसत असलेल्या शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. घरावर हक्क मिळालेल्या होत्या फक्त ३५ टक्के. आणि ३३ टक्के बायकांना आपल्याला पेन्शन मिळू शकते हेच ठाऊक नव्हतं. तीन जणींत एक! योजना कागदावर आहे, तहसीलला फॉर्म आहे, पण बातमी तिच्या दारापर्यंत गेली नाही. गावात बातमी कशी पोचते? पुरुषाला पारावर, पानठेल्यावर, बाजारात. बाईला शेजारणीकडून. आणि शेजारणींनीच जिच्याकडे बसणं टाकलं, तिची बातमीची वाटच बंद झाली. अशुभ मानण्याचा अर्थ केवळ कपाळ मोकळं राहणं एवढाच नाही. तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही असाही आहे.

काही जणी म्हणतील, बायका तर आता बचत गटात भेटतातच. भेटतात, आणि बचत गटाने बायकांना दिलेलं बळ मी कमी लेखत नाही. पण बैठकीत वसुली आली की बोलणं आटतं. खासगी फायनान्सच्या साप्ताहिक हप्त्याच्या मीटिंगा तर तुम्ही पाहिल्याच असतील. दहा जणी एकत्र बसतात, पण एकीचा हप्ता राहिला की बाकी नऊ जणी तिच्या दारात उभ्या राहतात. ज्या शेजारणीने आधार द्यायचा तीच वसुलीदार होते. म्हणून आमच्या बसण्यात पैशाची देवघेव आम्ही मुद्दाम ठेवली नाही.

आता जमलं नाही तेही सांगायला हवं. जात आडवी आलीच. बौद्धपुऱ्यातल्या एका मैत्रिणीची पाळी होती तेव्हा एका बाईचा अचानक उपास निघाला. पुढच्या वेळी पोडावरच्या कोलाम मावशीची पाळी, तेव्हाही उपास. तिसऱ्यांदा मावशीनेच हसत विचारलं, "तुहा उपास सोमवारचा हाये का आमच्या घरचा?" सगळ्या हसल्या. ती बाई हसली नाही. तिने त्या दिवशी चहा घेतला, पण नंतर बसण्याला येणं सोडलं. आम्ही तिच्याकडे जातो, ती येत नाही. दुसरं एक बसणं वर्षभरातच मोडलं, दोघींच्या पोरांच्या भांडणावरून. एका घरी नवरा मुद्दाम मध्ये येऊन बसायचा. तिथे आम्ही दोन वेळा फक्त वेण्या घालण्यावर बोललो, तिसऱ्यांदा तो कंटाळून उठून गेला.

आणि ज्यांचा आम्ही विचारच केला नव्हता अशाही आल्या. मुकुटबनच्या आसपास कोळसा खाण आहे, सिमेंटचा कारखाना आहे. कामासाठी दुरून आलेली कुटुंबं भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. अशीच एक तान्ह्या पोराची आई, हिंदी बोलणारी, वर्षभर आमच्याच गल्लीत राहत होती आणि तिला गल्लीतल्या एकीचंही नाव माहीत नव्हतं. तिची पाळी आली तेव्हा तिने झाकलेल्या डब्यात सातू कालवून आणला होता. कोणालाही ओळखता आला नाही. त्या दिवशी तिचं फार कौतुक झालं. नवरा हात उगारतो हे तिने त्यानंतर दोन महिन्यांनी सांगितलं. भिंतीपलीकडच्या शेजारणीला ते आधीपासून ऐकू येत होतं. पण ऐकू येणं आणि दार वाजवणं यांत जे अंतर असतं, ते ओळखीशिवाय ओलांडता येत नाही. आता ती शेजारीण दार वाजवते. साखर मागायच्या निमित्ताने का होईना, वाजवते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि १७ मे २०२२ च्या परिपत्रकाने राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. हे मोठं पाऊल आहे. आपापल्या गावात तो ठराव व्हावा म्हणून आपण झगडलंच पाहिजे. ठरावाने बांगड्या फोडणं थांबेल, कुंकू पुसणं थांबेल. पण कोणाच्या घरी कोणी चहा प्यावा, याचा ठराव कोणतीही ग्रामसभा करू शकत नाही. ते काम शेजारणींचं आहे.

आणि या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी तिळगुळाचा समारंभ केला तेव्हा सगळ्या जातींच्या बायकांनी एकाच जाजमावर बसायचं असं ठरवलं होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अंथरलेलं ते जाजम आपण सभागृहातून आणि मंडपातून पुष्कळ वेळा अंथरलं. आता ते एकेकीच्या खोलीत अंथरायचं आहे. तिथे ते पोत्याचं असेल, वाकळीचं असेल.

तेव्हा मैत्रिणींनो, या रथसप्तमीपर्यंत एवढंच करून पाहा. तुमच्या गल्लीतलं ओढून घेतलेलं एक दार आठवा. तिला बोलावू नका. दोघी-तिघी मिळून तिच्याकडे जा, पाव किलो साखर बरोबर न्यायचा मोह आवरा, तिने दिलेला चहा प्या, कप धुवा आणि उठताना विचारा, "आता कोणाकडे?" काय झालं ते आम्हाला पत्राने कळवा. जमलं तर कळवाच, पण फसलं तर जरूर कळवा. पुढच्या अंकात त्या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत.

ती काकू यंदा संक्रांतीला काय करणार म्हणून मी विचारलं. म्हणाली, "माही पाळी हाये ना. खाऊ काय, ते नाई सांगनार."

तुमचीच,
संपादक मंडळाच्या वतीने